नोल्बेर्तोची दाढ आणि सोळा बटणं

"पाइप खोटं बोलत नाही, माणूस घाईत ऐकतो."

नोल्बेर्तो काम्पियाय हे वाक्य रोज म्हणायचा. बाप्तिस्म्याला म्हणायचा, मयताला म्हणायचा, फुटबॉलच्या पंचानं चुकीची शिट्टी फुंकली तरी म्हणायचा. गावानं त्या वाक्याला आपली शेपटी जोडली होती. त्याची बायको एर्मिंदा अंगणातून ओरडली की झाडाखाली बसलेली माणसं म्हणायची, "एर्मिंदा खोटं बोलत नाही, नोल्बेर्तो घाईत ऐकतो." तो हसायचा. हसताना तोंड उघडं पडायचं आणि उजवीकडे खाली एकच दाढ दिसायची. बाकी सगळ्या हिरड्या.

दातांचा सरकारी डॉक्टर गाडी घेऊन गावात आला होता तेव्हा त्यानं नोल्बेर्तोचे सगळे किडके दात काढले. त्या दाढेला चिमटा लावला तसा नोल्बेर्तोनं त्याचा हात धरला. "ही राहू द्या. ही माझी नाही, कामाची आहे."

आणि ती खरंच कामाची होती. तो तिनं ऐकायचा.

आमच्या डोंगरांच्या पाठीमागे, खूप वर, तांब्याची खाण आहे. दगडाचं पीठ करून त्यातलं तांबं काढून घेतात आणि उरलेलं पीठ पाण्यात कालवून खाली सोडून देतात. तो राखाडी रेंदा पोलादी पाइपातून नव्वद किलोमीटर वाहत जातो आणि वाळवंटातल्या एका धरणात जाऊन पडतो. माणसाच्या कमरेएवढा जाड हा पाइप आमच्या लोस पिमिएन्तोस गावाच्या डोक्यावरून येतो, दगडी पायांवरून घळीत उतरतो, तळाशी वळण घेतो आणि पलीकडच्या अंगानं वर चढतो. तळाच्या त्या वळणाला आम्ही कोपर म्हणतो. कोपराच्या खाली चाळीस पावलांवर आमच्या पाटाचं तोंड आहे. गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, कोपर फुटलं तर पाट गेला, आणि पाट गेला तर गाव गेलं.

रेंदा जोरात वाहत असला तर दगडाचं पीठ पाण्यात तरंगत जातं. वेग कमी पडला, पाणी कमी पडलं, की ते तळाला बसायला लागतं. साका धरतो. आणि साका पहिल्यांदा धरणार तो कोपरातच.

म्हणून नोल्बेर्तो. सव्वीस वर्षं तो दिवस फुटायच्या आधी निघायचा आणि अकरा किलोमीटर पाइपाबरोबर चालायचा. हातात चान्यारच्या लाकडाची सरळ काठी. तिचं एक टोक पाइपावर टेकवायचं, दुसरं टोक दाढेवर दाबून धरायचं आणि डोळे मिटायचे. चांगला वाहता रेंदा म्हणजे खापरावर गहू भाजल्यासारखा आवाज. साका बसायला लागला की खालचा अर्धा भाग मुका होतो. मग तो हाताची पालथी बाजू पाइपाच्या पोटाला लावायचा. पहाटेच्या गारव्यात वाहता पाइप ऊबदार असतो, आणि साका धरलेलं पोट मेलेल्या जनावरासारखं गार. मग वायरलेसवरून सांगायचं, "कोपर जड होतंय." वरची माणसं तासभर पाणी वाढवायची. वाद नाही, विचारणा नाही. नोल्बेर्तोनं सांगितलं म्हणजे झालं.

मी गावचा पाटकरी. कोणाच्या बागेला किती वेळ पाणी, हे बघणं माझ्याकडे एकतीस वर्षं होतं. नोल्बेर्तोच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मी धर्मपिता झालो, तेव्हापासून आम्ही एकमेकांना कोम्पाद्रे म्हणायचो. आमच्याकडे ते नातं रक्ताच्या भावापेक्षा जड मानतात. भाऊ देवानं दिलेला असतो, कोम्पाद्रे आपण निवडलेला असतो.

मग कडं आलं.

ते घेऊन आली ती माइते ओयानेदेल नावाची इंजिनीअर, दक्षिणेकडच्या पावसाळी मुलखातली. पहिल्या दिवशी ती उन्हानं लाल झाली, दुसऱ्या दिवशी तिनं एर्मिंदाची गवती टोपी मागून घेतली, तिसऱ्या दिवसापासून ती त्यांच्याच घरी जेवायला लागली. कोपरात पाइपाचा एक तुकडा काढून तिनं त्याजागी नवा बसवला. त्याच्याभोवती जाड कडं, आणि कड्यात आतल्या बाजूनं सोळा पोलादी बटणं, रेंद्याला टेकलेली.

नोल्बेर्तो काठी घेऊन बाजूला उभा होता.

"माएस्त्रो, तुम्ही दाढेनं ऐकता म्हणे?" तिनं विचारलं. हातात कसब असलेल्या माणसाला आमच्याकडे माएस्त्रो म्हणतात, म्हणजे उस्ताद.

"ऐकतो. बाई, तुमचं हे कशानं ऐकतं?"

"विजेनं. दगडातून वीज जात नाही, पाण्यातून जाते. दोन बटणांतून थोडीशी वीज सोडायची, बाकीच्यांपाशी किती पोचली ते मोजायचं. मग पुढची दोन. असं गोल फिरत राहायचं, एका सेकंदात कितीतरी फेऱ्या. वीज कुठं अडली ते कळलं की दगड कुठं आहे ते कळतं. मग या पडद्यावर चित्र उमटतं. पाइप आडवा कापून बघावा तसं. निळं म्हणजे ठीक. तळाला लाल दिसलं म्हणजे साका."

नोल्बेर्तोनं बराच वेळ विचार केला. त्याला घाई माहीत नव्हती. मग म्हणाला, "म्हणजे धुकं पडलंय, घळीत शेळ्या कुठं बसल्यात ते दिसत नाही. घळीच्या काठानं सोळा माणसं उभी करायची. एकानं हाक मारायची, बाकीच्यांनी ऐकायची. मग दुसऱ्यानं मारायची. हाक जिथं दबते तिथं शेळ्या."

माइते हातातला पाना खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. "मला हे शिकायला पाच वर्षं लागली, माएस्त्रो."

"तुमच्याकडे शेळ्या नसतील."

त्या दिवशी तो घरी गेला तो छाती काढून. एर्मिंदा मला म्हणाली, "कोम्पाद्रे, यांना आता जेवण पण सोळा ताटांत वाढू का?"

बुधवारी माइतेला कंपनीच्या समुद्राकाठच्या ठाण्यावर जायचं होतं. तिथंही एक कडं बसवायचं होतं. जाण्याआधी तिनं नोल्बेर्तोला पडद्यासमोर बसवलं. मीही होतो. तिचे शब्द मी विसरलेलो नाही.

"एक गोष्ट नीट ऐका. पाइपात काय आहे, हे याला कळत नाही. पहिल्या दिवसापेक्षा काय वेगळं झालं, एवढंच कळतं. पहिल्या दिवशी आत जे असेल त्याला हे 'काही नाही' म्हणणार. कायमचं. म्हणून पहिलं चित्र घेताना आत फक्त पाणी हवं, कण नको. उद्या खाण रेंदा थांबवणार आहे. थांबला की कण तळाला बसणारच. सहा तास पाइप पाण्यानं धुवायचा आणि मग हे बटण दाबायचं. सहा. पाच नाही."

"आणि साडेपाच?"

"माएस्त्रो!"

"चेष्टा केली, बाई. सहा म्हणजे सहा."

तिनं नोंदवही त्याच्या हातात दिली. सव्वीस वर्षांत कोणी त्याच्या हातात वही दिली नव्हती.

गुरुवार उजाडला तो गरम वारा घेऊन. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्याचं तोंड. चार वर्षं डोंगरावर नीट बर्फ पडलं नव्हतं, नदी शेळीच्या मुतासारखी वाहत होती. घळीच्या वर कंपनीचा हौद आहे. त्याला दोन दारं. एकातून पाइप धुवायचं पाणी जातं, दुसऱ्यातून आमच्या पाटाला. दुसरं दार कंपनीच्या मेहेरबानीवर होतं. कागदावर तसं लिहिलेलं होतं. पाइप धुताना आमचं दार बंद.

आमच्या पाळ्या बारा दिवसांनी फिरतात. घळीच्या तोंडाशी पांढरा रंग दिलेला एक खडक आहे, त्यावर ऊन टेकलं की पाळी सुरू. त्या दिवशी पाळी वरच्या बागांची होती. अठरा घरं, सगळी पीचची झाडं. फळ सुपारीएवढं होतं. खडकावर ऊन टेकलं आणि पाट कोरडा. अठरा घरांची माणसं फावडी घेऊन बांधावर उभी. मला कोणी काही म्हणालं नाही. नुसते बघत राहिले. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी कोपराकडे गेलो.

"कोम्पाद्रे, वरच्या बागांची पाळी आहे."

"माहीत आहे."

"आज चुकली तर पुढची बारा दिवसांनी. फळ गळून जाईल."

"मला सहा तास सांगितलेत."

"झाले किती?"

"दोन."

"मग काठी लाव की. साका असेल तर तुला कळणार नाही? पाइप खोटं बोलत नाही, हे तूच म्हणतोस ना?"

त्याचंच वाक्य मी त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्यानं काठी पाइपावर टेकवली, दाढ दाबली, डोळे मिटले. वारा इतका होता की मला माझाच आवाज येत नव्हता. मग त्यानं हाताची पालथी बाजू पाइपाच्या पोटाला लावली. अकरा वाजले होते. सगळं पोलाद उन्हानं सारखंच तापलेलं. हाताची परीक्षा पहाटेची, हे त्याला माहीत होतं. मलाही होतं. आणि दुसरी गोष्ट आम्हाला दोघांनाही सुचली नाही. सव्वीस वर्षांत त्यानं पाइपात नुसतं पाणी कधी ऐकलंच नव्हतं. रेंद्याचा आवाज बिघडला तर तो ओळखू शकत होता. साक्याच्या वरून गुमान वाहणारं पाणी कसं वाजतं, हे त्याच्या दाढेला कोणी शिकवलेलं नव्हतं.

"पाणीच आहे," तो म्हणाला. डोळे उघडले, पण माझ्याकडे बघितलं नाही. "पाणीच ऐकू येतंय."

त्यानं वर चढून हौदाचं एक दार बंद केलं, दुसरं उघडलं. मी पाटाबरोबर धावत खाली आलो तेव्हा पाणी माझ्या पुढं धावत होतं. अठरा घरांनी टोप्या उडवल्या. एका म्हाताऱ्यानं ओंजळभर पाणी माझ्या डोक्यावर ओतलं.

वर कोपरात नोल्बेर्तोनं पाइप उरलेल्या पाण्यानं भरलेला ठेवला आणि बटण दाबलं. पडद्यावर निळं वर्तुळ उमटलं, डाग नाही. वहीत 'तास' अशा रकान्यात त्यानं सहाचा आकडा काढला. मला त्यानं तो दाखवला होता. अक्षर चांगलं होतं.

त्यानंतर काठीचे दिवस संपले. पाइपाच्या इतर टप्प्यांवर असेच चालणारे दोघं होते, त्यांना कंपनीनं घरी पाठवलं. नोल्बेर्तोला ठेवला तो कड्याच्या पेटीवरची धूळ पुसायला. चित्र आता दूरच्या कंट्रोल रूममध्ये दिसत होतं. कोपर कसं आहे, हे त्याला कोणी विचारत नव्हतं. तो तरीही पहाटे निघायचा. सवय म्हणून असेल, अभिमान म्हणून असेल.

नाताळात मी त्याच्या घरी गेलो तेव्हा तो गप्प होता. नवं वर्ष उजाडलं. एके दिवशी झाडाखाली कोणीतरी म्हणालं, "आज नोल्बेर्तोनं ते वाक्य म्हटलं नाही." दुसरा म्हणाला, "काल पण नाही." कुणी चेष्टेत विचारलं, दाढ पडली की काय. तो उठून गेला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यानं वायरलेस उचलला. कंट्रोल रूममध्ये फुएन्तेआल्बा नावाचा माणूस होता, चांगला होता, पण त्याला सगळ्याचा विनोद करायची खोड.

"कंट्रोल, कोपराचा खालचा भाग मुका आहे."

"माएस्त्रो, माझ्यासमोर निळं आहे. आभाळासारखं निळं."

"पहाटे पोट गार लागतं."

"मग शाल गुंडाळा पोटाला. म्हातारपणात जपायला हवं."

मागं दोघंतिघं हसले. नोल्बेर्तोनं बटण सोडलं. दोन तासांचं त्यानं सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला नाही, मला बोलावून नेलं. एर्मिंदानं माते, आमचा नळीनं प्यायचा कडू चहा, भांड्यात भरून आमच्यामध्ये ठेवला. त्यानं नळी ओठाला लावली आणि न पिताच खाली ठेवली.

"ज्या दिवशी मी बटण दाबलं, त्या दिवशी साका आतच होता, कोम्पाद्रे."

मी भांडं त्याच्याकडे परत सरकवलं.

"त्या पोरीनं सांगितलं होतं. पहिल्या दिवशी जे असेल त्याला हे काही नाही म्हणणार. ते तसंच करतंय. यंत्राची चूक नाही. त्याला मीच खोटं शिकवलं."

"किती आहे?"

त्यानं तळहात उभा धरला आणि दुसऱ्या हातानं मनगटापर्यंत खूण केली. "बसून दगड झालाय. वरून रेंदा अर्ध्या वाटेतून घुसतो. उद्या सकाळी सांगून टाकतो. परत धुवायचं, परत बटण दाबायचं. एवढंच आहे."

एवढंच होतं. आणि मी बोललो.

"सांगितलंस की विचारतील, चार तासांचं पाणी गेलं कुठं. मग हौदाचं आपलं दार बंद. पीच उतरायला दोन पाळ्या राहिल्यात. चोवीस दिवस. फळ उतरू दे, मग सांग. मी येतो तुझ्याबरोबर. मीच सांगतो की मी मागितलं."

"चोवीस दिवस पाइप थांबेल?"

"सव्वीस वर्षं थांबलाय."

एर्मिंदा चुलीपाशी होती. पाठ आमच्याकडे, कान आमच्याकडे. ती म्हणाली, "सांगायचं तर आज सांगा. उद्याचं खरं म्हणजे शिळा पाव. चावायला दात लागतात, आणि तुम्हाला एकच आहे."

आम्ही दोघंही हसलो. त्या घरात ते शेवटचं हसणं. नोल्बेर्तो थांबला. माझं त्याला पटलं होतं असं मला वाटत नाही. कोम्पाद्रेनं मागितलं म्हणून थांबला.

त्या दिवसांत तो दिवसातून दोनदा कोपरात जायचा. सतराव्या दिवशी पाटावर मला गाठून म्हणाला, "आवाज बदललाय. आधी गहू भाजल्यासारखा होता. आता सुरी परजल्यासारखा. साक्याच्या कडेनं रेंदा पाइपाचा खांदा घासतोय. पोलाद पातळ होतंय, कोम्पाद्रे. मला ऐकू येतंय पातळ होताना."

"एकच आठवडा," मी म्हणालो.

एकोणिसाव्या दिवशी, मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास कोपर फुटलं. स्फोट झाला नाही. जाड कापड टरकावल्यासारखा आवाज आला आणि कड्यापासून पंधरा पावलांवर, पाइपाच्या खांद्यातून, राखाडी पंखा उघडला. नोल्बेर्तो घळ उतरत होता. त्यानं वायरलेसमध्ये ओरडून सांगितलं, "बंद करा! बंद करा!" मला पाटाच्या तोंडापाशी ऐकू आलं. फुएन्तेआल्बा म्हणाला, "माएस्त्रो, इथं निळं..." आणि मग त्याचा आवाज तुटला. दाबाचा काटा पडलेला त्याला दिसला असणार.

वरचा व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत बावीस मिनिटं गेली. मी पाटाचं लाकडी दार खाली पाडलं आणि त्यावर पाठ लावून उभा राहिलो. रेंदा दाराच्या वरून आला, माझ्या खांद्यांवरून आला. तो कोमट होता. पाटातून वरच्या बागांत गेला, तिथून बांध फोडून खालच्या बागांत. पीच उतरायला पाच दिवस राहिले होते. झाडं कमरेएवढ्या रेंद्यात उभी होती, फांद्यांवर पिवळीलाल फळं, आणि वासही आला नाही कशाचा, नुसता ओल्या दगडाचा. दोन दिवसांच्या उन्हात ते सिमेंटसारखं बसलं. ज्या पाटाचा गाळ काढायला आम्ही दर हिवाळ्यात सगळे मिळून जायचो, आजे पणजे जायचे, त्या पाटात कुदळ मारली की ठिणगी उडायची.

माणूस कोणी मेला नाही. कंपनीची माणसं हे वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होती.

तीन आठवड्यांनी फुटलेल्या जागी नवा तुकडा बसवला, कडं मात्र तेच राहिलं. उरलासुरला साका ठोकून, धुऊन काढला. माइते परत आली. या वेळी पाइप तिनं स्वतः सहा तास धुतला, स्वच्छ पाण्यानं भरला आणि पडदा उघडला. मी आणि नोल्बेर्तो मागं उभे होतो.

वर्तुळ निळं होतं. पण तळाशी, आडव्या पडलेल्या चंद्रासारखा, एक जांभळा काळपट डाग होता. तो रंग त्या पडद्यावर कोणी पाहिला नव्हता.

"हे काय?" कंपनीचा एक जण म्हणाला. "लाल नाही, निळं नाही."

माइते पडद्याजवळ वाकली. मग हळू म्हणाली, "लाल म्हणजे जास्त. हे कमी आहे. पहिल्या दिवशी इथं काहीतरी होतं, आज ते नाही, असं म्हणतंय." तिनं डागाच्या कडेवरून बोट फिरवलं. नोल्बेर्तोनं हातावर मनगटापर्यंत दाखवली होती तेवढीच जाडी. यंत्रानं अडीच महिने जो साका दाखवला नव्हता, तो गेल्यावर त्याची सावली दाखवली.

ती वळली. नोल्बेर्तोकडे बघून तिनं फक्त एवढंच विचारलं, "किती, माएस्त्रो?"

"दोन."

तिनं टोपी काढली. एर्मिंदाचीच टोपी होती ती. माइते तिथंच, पाइपाच्या दगडी पायावर खाली बसली.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या अंगणात सगळं गाव जमलं. कंपनीचा साहेब टेबल मांडून बसला. कागदावर लिहीत होता.

"वहीत सहा लिहिलंत, धुतलंत दोन. बरोबर?"

"बरोबर."

"का?"

"घाईत ऐकलं," नोल्बेर्तो म्हणाला.

"आणि बाकीच्या चार तासांचं पाणी? ते कुठं गेलं?"

अंगणात माश्यांचा आवाज येत होता. अठरा घरं भिंतीशी उभी होती. त्या पाण्यात त्यांचे पाय बुडाले होते, त्यांनी टोप्या उडवल्या होत्या. कोणी वर बघितलं नाही. मी पहिल्या रांगेत होतो. मी येतो म्हणालो होतो. मीच सांगतो म्हणालो होतो. गावानं कंपनीकडे नव्या मातीचा, नव्या झाडांचा दावा लावला होता. मी तोंड उघडलं तर सगळं गावच चोर ठरेल, असं मी मनाला सांगत होतो. ते खरंही होतं. पण तोंड मी त्यासाठी मिटलं नाही. भीती वाटली म्हणून मिटलं.

नोल्बेर्तोनं कोणाकडेच बघितलं नाही. माझ्याकडे तर नाहीच.

"सांडलं," तो म्हणाला.

त्या दुष्काळात चार तासांचं पाणी सांडलं, हे शेंबडं पोरही मानणार नव्हतं. साहेबानं ते लिहून घेतलं.

खालच्या बागांतली एक बाई पुढं आली. तिला पाण्याचं काही ठाऊक नव्हतं, तिच्या बागेला त्या दिवशी थेंबही गेला नव्हता. ती म्हणाली, "जन्मभर ती दाढ दाखवत फिरलास. काढून टाकायची होतीस तेव्हाच." आणि त्याच्या पायाशी थुंकली. त्यानं मान हलवली, बरोबर आहे असं म्हणावं तशी.

महिन्याभरात कागद आला. दोष कामगाराचा, असं लिहिलं होतं. कामगार गावचाच, म्हणून गावाचा दावा उडाला. हौदाच्या आमच्या दाराला कंपनीनं कुलूप लावलं. जे वाचवायला मी त्याला गप्प बसवलं, त्यातलं काहीच वाचलं नाही. मला कोणी आजवर काही विचारलेलं नाही. गाव माझ्याशी पूर्वीसारखंच बोलतं.

एप्रिलमध्ये एर्मिंदा गाठोडी घेऊन ट्रकनं पुढं गेली, किनाऱ्यावर मुलीकडे. माझ्या दारावरून गेली. मी हात वर केला. तिनं समोर बघितलं.

नोल्बेर्तो ट्रकमध्ये बसला नाही. मी चालत येतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी पाटाच्या दारापाशी गेलो तर त्याची काठी तिथं टेकवून ठेवलेली होती. वरच्या टोकाला दाढेची खाच, सव्वीस वर्षांची, बोटाच्या पेराएवढी खोल. मी ती हातात घेतली तेव्हा तो कोपरापर्यंत पोचला होता.

पाइप पुन्हा वाहत होता. तो त्याच्या कडेनं चालत होता. सवयीनं दर दगडी पायापाशी वाकून हाताची पालथी बाजू पाइपाच्या पोटाला लावत होता. कड्यापाशी थांबला, बाहीनं पेटीच्या काचेवरची धूळ पुसली आणि पलीकडचा चढ चढायला लागला.

मला हाक मारायची होती. घळीत हाक चांगली जाते.

रस्त्यावर माइतेची गाडी उभी होती, इंजिन बंद, काच खाली केलेली. वरच्या बागांच्या भिंतींवर अठरा घरांची माणसं बसली होती. त्यांच्या मागं राखाडी रेंद्यात वाळलेली झाडं. तो वरच्या वळणावर पोचला, एकदा थांबला, पाइपाला हात लावला आणि वळला. एवढ्या जणांनी त्याला जाताना पाहिलं. कोणीच हाक मारली नाही.